छप्पर उडतं कसं, आणि विमा भरून काय देतो?

नमस्कार. ३ जून २०२०ची दुपार. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड... पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या.

वारा छप्पर ढकलून पाडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो ते उचलतो. (पडद्यावर छपराची आकृती) हे बघा, वरून वेगाने वारा गेला की छपरावरचा दाब कमी होतो. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली, तर आत शिरलेली हवा खालून रेटा देते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा हा जोर चौपट! ताशी १२० किलोमीटरला तो चौरस मीटरमागे साधारण ६८ किलो वजनाइतका होतो. लोखंडी पत्र्याचं वजन तेवढ्या जागेत पाच-सहा किलो. म्हणजे पत्र्याला धरून ठेवतात ते फक्त हुक. ओढ सगळ्यात जास्त वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी बसते, तिथे हुक एकमेकांच्या जवळ बसवायला हवेत. आणि वासे भिंतीला पक्के बांधलेले नसतील, तर वाशांसकट सगळं जातं.

आता पैशांचं. निसर्गनंतर पूर्ण पडलेल्या घराला सरकारने दीड लाख रुपये जाहीर केले. मदत मोलाची, पण दीड लाखात घर उभं राहत नाही. म्हणून मी विम्याबद्दल एवढं कळकळीने बोलतोय.

१ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच मूळ अटींची, पॉलिसी आली आहे. वादळ, पूर, घरावर पडलेलं झाड, सगळं त्यात येतं. वाडीतली झाडं मात्र येत नाहीत. विम्याची रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका. चटई क्षेत्र (घराच्या भिंतींच्या आतलं, वापरायचं क्षेत्रफळ) गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. घरातल्या सामानाला या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

नुकसान झालंच, तर कंपनीला लगेच कळवा. ताडपत्री जरूर टाका, पण त्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. फुटलेली कौलं, वाकलेले पत्रे सर्वेक्षक, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, बघून जाईपर्यंत भंगारात देऊ नका.