आपल्या लीगचा एमव्हीपी कोण? सप्टेंबरची क्रमवारी, आणि पोझिशन मोजताना होणारा घोळ

नमस्कार मंडळी! आपली बेसबॉल गेममधली लीग सप्टेंबरात आली आहे, जेमतेम वीस सामने उरलेत, आणि कमेंट्समध्ये एमव्हीपी, म्हणजे सीझनमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू, याशिवाय दुसरा विषयच नाही. "दादा, एमव्हीपी कोण?" "दादा, डेन्व्हरवाल्यालाच द्यायचा ना?" "दादा, पिचरला मत दिलं तर चालतं का?" तेव्हा आज क्रमवारी लावून टाकू. संगणकाने खेळाडूंना दिलेली नावं लक्षात ठेवणं अवघड जातं, म्हणून मी शहर आणि पोझिशन सांगतो.

नवीन आलेल्यांसाठी भरभर सांगतो. आपण खेळतो तो गेम आऊट ऑफ द पार्क बेसबॉल. मार्कस हाइनसोन या जर्मन माणसाने १९९९ साली याची पहिली आवृत्ती आणली. यात बॅट तुमच्या हातात नसते. संघ निवडायचा, करार करायचे, कोणाला कुठे खेळवायचं ते ठरवायचं, आणि सामना गेम खेळतो. २०२० मध्ये करोनामुळे खरा सीझन अडकला होता, तेव्हा बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या साइटने याच गेमवर अख्खा सीझन चालवून दाखवला होता. आपल्या लीगमध्ये मैदानं खरी आहेत, खेळाडू संगणकाने बनवलेले. खऱ्या बेसबॉलमध्ये अमेरिकन आणि नॅशनल लीगचे वेगवेगळे एमव्हीपी असतात, आपल्याकडे एकच.

मतदान मात्र खऱ्यासारखंच. तिकडे बेसबॉल पत्रकारांची संघटना १९३१ पासून हा पुरस्कार देते. प्रत्येक मतदार दहा नावं क्रमाने लिहितो. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि तिथून एकेक कमी करत दहाव्याला १. पहिल्या-दुसऱ्यात पाच गुणांचा खड्डा आहे, पुढे सगळीकडे एकेकाचा फरक. म्हणून पहिलं नाव लिहिताना वेळ घ्या.

आता वॉर. विन्स अबव्ह रिप्लेसमेंट. हा खेळाडू नसता आणि मायनर लीगमधून किमान पगारावर सहज मिळणारा कोणीतरी त्याच्या जागी उभा केला असता, तर संघ किती सामने कमी जिंकला असता, तो हा आकडा. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. दोन म्हणजे रोज खेळणारा बरा खेळाडू, पाच म्हणजे ऑल-स्टार, आठच्या आसपास गेला की एमव्हीपीची चर्चा. हे बहुतेकांना माहीत आहे, पुढे जाऊ.

अडतं कुठे, तर पोझिशनवर. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आज ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पोझिशन एकदा मोजा. शून्य वेळा नाही, दोनदाही नाही. एकदा.

शून्य वेळा मोजणारे कोण? "डेन्व्हरच्या फर्स्ट बेसमनचे होम रन सगळ्यात जास्त, आरबीआय (त्याच्या बॅटमुळे आलेल्या धावा) सगळ्यात जास्त, विषय संपला." संपला नाही. फर्स्ट बेसला उभं राहू शकणारे दणकट बॅटर प्रत्येक संघात असतात. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या अवघड जागी, उभा राहील असा माणूस शोधायला गेलात की डोळ्यांसमोर अंधारी येते. आपल्याकडच्या भाषेत सांगतो: कसोटीत ४०च्या सरासरीने धावा करणारा विकेटकीपर आणि त्याच सरासरीचा पहिल्या स्लिपमधला बॅटर, निवड समिती दोघांना एकाच तराजूत तोलत नाही.

दोनदा मोजणारे कोण? हे जरा अभ्यासू असतात, म्हणून यांच्याशी वाद घालणं जास्त महत्त्वाचं. हे म्हणतात, "क्लीव्हलंडच्या शॉर्टस्टॉपचा वॉर सगळ्यात जास्त, आणि वर तो शॉर्टस्टॉप आहे, मग तर झालंच!" अहो, तो शॉर्टस्टॉप आहे हे वॉरमध्ये आधीच धरलंय. त्याचा वॉर मोठा दिसतो त्याचं एक कारणच ते आहे. पुन्हा 'वर' काय लावता?

आकड्यांत बघू. फॅनग्राफ्स (हीसुद्धा आकडेवारीची साइट) पोझिशनसाठी पूर्ण सीझनला किती धावा जोडतं किंवा वजा करतं, ते लिहून घ्या. कॅचरला अधिक १२.५. शॉर्टस्टॉपला अधिक ७.५. सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फील्डला अधिक २.५. दोन्ही कोपऱ्यांतल्या आऊटफील्डरना उणे ७.५. फर्स्ट बेसला उणे १२.५. आणि डीएच, म्हणजे जो फील्डिंगच करत नाही, त्याला उणे १७.५. शॉर्टस्टॉप आणि फर्स्ट बेसमध्ये झाला वीस धावांचा फरक, म्हणजे दोन विजय. शॉर्टस्टॉप आणि डीएचमध्ये पंचवीस, म्हणजे अडीच विजय. हे अडीच विजय तुम्ही विसरलात तरी क्रमवारी चुकते आणि दोनदा धरलेत तरी चुकते.

एका प्रेक्षकाने न्यू जर्सीहून भलीमोठी कमेंट लिहिली आहे, "हे आकडे कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेत, मैदानावर कुठे दिसतात?" प्रश्न रास्त आहे. मैदानावर दाखवतो. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या त्या शॉर्टस्टॉपची हॅमस्ट्रिंग गेली. त्याच्या जागी आलेला पोरगा बॅटिंगला वाईट नव्हता, बॉक्स स्कोअर बघून कोणी म्हटलं असतं की काही बिघडलं नाही. पण त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरचे त्या दिवसांतले सामने उघडा. तो सिंकर टाकतो, त्याच्या बॉलवर बॅटर जमिनीवरून मारतात, आणि त्यातले बरेच बॉल थर्ड बेस आणि शॉर्टच्या मधल्या फटीकडे जातात. रोजचा शॉर्टस्टॉप तिथे उजवीकडे झेपावून, एका पायावर वळून फर्स्टला फेकतो आणि बॅटर अर्ध्या पावलाने आऊट होतो. बदली खेळाडू बॉलपर्यंत पोचतो, पण उशिरा. फेकायलाच मिळत नाही. नोंद होते ती साध्या सिंगलची. एरर नाही, कोणाच्या नावावर डाग नाही. पुढच्या बॅटरला डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट) व्हायचा, तोही होत नाही. पिचरचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, वाढला आणि सगळे पिचरला बोल लावत बसले. पोझिशन अशी दिसते. दुसऱ्याच्याच आकड्यांत दिसते, म्हणून नजरेतून सुटते.

तिसरी बाजू खऱ्या इतिहासातून घेऊ. २०१२, अमेरिकन लीग. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने ट्रिपल क्राऊन जिंकला, म्हणजे सरासरी, होम रन आणि आरबीआय या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला: .३३० सरासरी, ४४ होम रन, १३९ आरबीआय. १९६७च्या कार्ल यास्त्रेम्स्कीनंतर हे कोणी केलं नव्हतं. समोर एंजल्सचा माइक ट्राऊट, रुकी म्हणजे नवखा, सेंटर फील्डर: .३२६, ३० होम रन, ४९ स्टील्स (पळून चोरलेले बेस). वॉरमध्ये ट्राऊट बराच पुढे. २८ पैकी २२ पहिली मतं काब्रेराला गेली, ६ ट्राऊटला. मला तो निकाल आजही पटत नाही. पण त्या वादातला एक मुद्दा आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. त्या वर्षी डेट्रॉइटने प्रिन्स फील्डरला फर्स्ट बेससाठी घेतलं, म्हणून काब्रेरा थर्ड बेसला सरकला. लोक म्हणाले, बघा, संघासाठी अवघड पोझिशन घेतली, याचे वेगळे गुण द्या! गुण मिळालेच होते. उणे १२.५ वरून अधिक २.५ वर गेला की खेळाडू पंधरा धावा कमावतो. मग थर्ड बेसला तो जशी फील्डिंग करतो त्याचा हिशेब होतो, आणि काब्रेराची तिथली फील्डिंग कमकुवत होती, त्यामुळे कमावलेल्यातलं बरंचसं परत गेलं. सगळं हिशेबात धरलेलं होतं. त्याउपर आणखी कौतुक जोडायचं म्हणजे एकाच गोष्टीचं बिल दोनदा फाडणं.

डेन्व्हरवाल्याचं मैदानही बघायला हवं. कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण एक मैल उंचीवर आहे, हवा विरळ, बॉल लांब जातो, ब्रेकिंग बॉल कमी वळतो, आणि आऊटफील्ड अवाढव्य असल्यामुळे साधे हिट्ससुद्धा जास्त पडतात. म्हणून त्याचं ओपीएस (बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्यांची ताकद यांची बेरीज) बघू नका, ओपीएस प्लस बघा. त्यात मैदानाचा फायदा काढून टाकलेला असतो आणि १०० म्हणजे लीगची सरासरी. आपल्या लीगमध्ये या माणसाचं ओपीएस पहिलं आहे, पण ओपीएस प्लसमध्ये तो बॉस्टनच्या डीएचच्या बराच खाली येतो. आता उलट टोकाला जाऊन "डेन्व्हरचा आहे ना, मग फुली मारा" असंही करू नका, कमेंट्समध्ये तेही चाललंय. १९९७ साली लॅरी वॉकर डेन्व्हरकडूनच एमव्हीपी झाला. ४९ होम रन, आणि त्यातले २९ बाहेरच्या मैदानांवर. त्याला हवेने एमव्हीपी केलं असं कोण म्हणेल? आपल्यावाल्याचे होम-रोड स्प्लिट मी उघडले, तर बाहेर तो चांगला बॅटर आहे, थोर नाही.

"संघ शेवटून पहिला असेल तर एमव्हीपी कसा?" हाही प्रश्न दर सीझनला येतो. पत्रकारांना मतपत्रिकेसोबत जे पत्र जातं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की एमव्हीपी विजेत्या संघातलाच असावा असं नाही. १९८७ मध्ये शिकागो कब्सचा आंद्रे डॉसन आणि २००३ मध्ये टेक्सासचा अॅलेक्स रॉड्रिगेझ, दोघेही आपापल्या विभागात तळाला असलेल्या संघातून जिंकले. बाकीचे पिचर मार खातात यात बॅटरचा काय दोष? हा विषय माझ्यापुरता मिटला आहे.

चला, क्रमवारी. खालून वर.

पाचवा, ह्यूस्टनचा पिचर. पिचरला मत देता येतं. २०११ मध्ये जस्टिन व्हरलँडर आणि २०१४ मध्ये क्लेटन कर्शॉ झालेत एमव्हीपी. पण कर्शॉचा त्या वर्षीचा ईआरए होता १.७७. आपलावाला त्या उंचीचा नाही, आणि पिचरसाठी साय यंग पुरस्कार वेगळा आहेच. पाचवा ठीक.

चौथा, डेन्व्हरचा फर्स्ट बेसमन. कारण वर सांगितलं.

तिसरा, बॉस्टनचा डीएच. लीगमधली सगळ्यात चांगली बॅट याची, यात वाद नाही. डीएचला एमव्हीपी मिळतच नाही असं आता कोणी म्हणू नये, २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने डीएच म्हणून खेळून एकमताने जिंकला. पण त्याला ५४ होम रन आणि ५९ स्टील्स लागले. उणे १७.५ भरून काढायला एवढा डोंगर रचावा लागतो. बॉस्टनवाला पळतच नाही.

आता वरचे दोन. क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप आणि सिएटलचा कॅचर. वॉरमध्ये शॉर्टस्टॉप ०.३ ने पुढे. बरेच जण इथेच पेन खाली ठेवतील. मी ठेवत नाही. ०.३ म्हणजे तीन धावा. फील्डिंगचे आकडे एका सीझनमध्ये त्याहून कितीतरी जास्त हलतात. म्हणून फरक अर्ध्या विजयाच्या आत असला की मी बघतो, कोणाचा वॉर बॅटमधून आलाय. बॅटिंगच्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो. शॉर्टस्टॉपच्या वॉरचा मोठा हिस्सा फील्डिंगमधून आलाय, कॅचरचा बॅटमधून. "पण शॉर्टस्टॉप दोन आठवडे बाहेर होता, तेही धरा ना!" धरलंय. न खेळलेल्या दिवसांचा वॉर त्याला मिळालेला नाही. पुन्हा दंड लावला तर तीच दुहेरी मोजणी, फक्त उलट्या दिशेने.

कॅचर म्हटलं की २०२५ आठवणारच. सिएटलच्या कॅल रॅलीने ६० होम रन मारले. कॅचरचा आधीचा विक्रम ४८चा होता, साल्वाडोर पेरेझचा. तरी ॲरन जज जिंकला, पहिली मतं १७ विरुद्ध १३, गुण ३५५ विरुद्ध ३३५. तिथे दोन साइट्सचे वॉर वेगळे दिसतात, कारण स्ट्राइक झोनच्या काठावरचा बॉल असा झेलायचा की अंपायर स्ट्राइक देईल, हे कॅचरचं फ्रेमिंग फॅनग्राफ्स मोजतं, बेसबॉल रेफरन्स मोजत नाही. त्या वेळी जजची बॅट खूपच पुढे होती, .३३१ सरासरी आणि ५३ होम रन, त्यामुळे तो निकाल मला मान्य आहे. आपल्या लीगमध्ये समोर जज नाही. सिएटलचा कॅचर पहिला, क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप दुसरा.

हे आजचं चित्र झालं. आठ वॉरच्या वेगाने खेळणारा माणूस वीस सामन्यांत साधारण एक वॉर कमावतो, म्हणजे वरचे दोघे सहज उलटसुलट होऊ शकतात. चौथ्याने पहिल्यावर येणं मात्र अशक्यच धरा, एका आठवड्यात सहा होम रन मारले तरी. तसा आठवडा आला की कमेंट्सचा पूर येईल, मला माहीत आहे, पण एक आठवडा म्हणजे सव्वीसातला एक.

मतपत्रिकेची लिंक खाली देतोय. दहाच्या दहा नावं भरा, अर्धवट पत्रिका मोजली जाणार नाही. शेवटचा साखळी सामना संपल्यावर, प्लेऑफचा पहिला बॉल पडायच्या आत पाठवा. खरे पत्रकारही प्लेऑफच्या आधीच मत देतात. आणि ज्यांनी शॉर्टस्टॉपला पहिलं लिहिलंय त्यांनी कमेंटमध्ये कारण लिहा. "वॉर जास्त आहे" एवढं लिहिलंत तर मी वाचेन. "वॉर जास्त आहे आणि शिवाय तो शॉर्टस्टॉप आहे" असं लिहिलंत, तर हा व्हिडिओ परत पहिल्यापासून बघा.