डॅनिश जोडशब्द आणि मधला एस

मंडळी, विषय आहे डॅनिशमधे लांबलचक जोडशब्द बनतात कसे आणि ओळीच्या शेवटी ते तोडायचे कुठे, पण मला माहितीय, निम्म्या लोकांना फक्त सगळ्यात लांब शब्द ऐकायचाय. घ्या एकदाचा. स्पेशियाललेगेप्राक्सिसप्लानलेगनिंग्सस्टाबिलिसेरिंग्सपेरिओडे. रोमन लिपीत ५१ अक्षरं! (मी लिहितात तसं वाचतोय हां, डेन लोक बोलताना अर्धी अक्षरं गिळतात.) अर्थ काय तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या नियोजनाला स्थैर्य आणायचा काळ. टाळ्या नकोत, कुणी बोलत नाही असं, क्विझवाल्यांनी डोक्यावर घेतलाय. माझा राग हाच आहे, डॅनिशचं नाव काढलं की लोक पट्टी घेऊन बसतात, अरे त्याला मागून अजून एक नाम चिकटवा की, झाला याहून लांब, मग मोजताय काय? सांधे बघा ना.

व्हीन म्हणजे वाइन, ग्लास म्हणजे ग्लासच. व्हीनग्लास, सरळ चिकटलं. आता रेड वाइन म्हणजे रोडव्हीन, आणि तिचा ग्लास? रोडव्हीन्सग्लास! हा एस कुठून टपकला? तर डावीकडचा तुकडा आधीच दोन शब्दांचा आहे, म्हणून एस सांगतो की मोठा सांधा इथे आहे बाबा. टेबलाची फळी बोर्डप्लाडे, एस नाही, पण लिहायच्या टेबलाचा खण स्क्रिव्हेबोर्ड्सस्कुफे, एस आला. लगेच पाठ करू नका, फोडबोल्डक्लुब, म्हणजे फुटबॉल क्लब, त्यात डावीकडे दोन तुकडे असूनही एस नाही. उलट 'इंग' किंवा 'हेड'ने संपणाऱ्या नामांना तो लागतोच म्हणा, त्या ५१ अक्षरी राक्षसात दोनदा आलाय तो त्यामुळेच. काही शब्दांत एसऐवजी ए (रोमन e) येतो, बार्नेव्होग्न म्हणजे बाबागाडी.

आणि इंग्रजीचं बघून तोडून लिहायची हल्लीची खोड! द्यूरलेगे म्हणजे जनावरांचा डॉक्टर, मधे जागा सोडली की महागडा डॉक्टर. बिल दोन्हीकडे सारखंच येत असेल म्हणा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, पटकन. साध्या शब्दात दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या ओळीत जातं, हू-से म्हणजे घरं. जोडशब्दात मात्र आधी सांधा, आणि जोडणारा एस कायम डावीकडेच. खेडं म्हणजे लान्ड्स-ब्यू, पण गावाकडचं घर लान्ड-स्टेड, कारण तिथला एस स्टेडचा स्वतःचा. नुसती अक्षरं बघून हे कळत नाही, म्हणून कॉम्प्युटरला घटक शब्द शिकवावे लागतात. बोलताना काम सोपं, मुख्य आघात पहिल्या तुकड्यावर, डान्स्कलेरर म्हणजे डॅनिश शिकवणारा, आघात दुसऱ्यावर गेला की डॅनिश माणूस जो शिक्षक आहे. घशातला तो झटका, स्टोड, राहिलाच, तो बाहेर चहाला विचारा.