काळी एकमध्ये लावलेली गिटार

(दृश्य : उद्यमबाग, सकाळची पाळी. अर्धं उघडं शटर, आत पॉवर प्रेस चालू. चार-पाच ठोके नुसतेच ऐकू द्या, मग निवेदन.)

बेळगावचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं उद्यमबागेकडं निघालात की आधी हा ठोका कानावर येतो. फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणाऱ्या शेडी. अनगोळ, मजगाव, वडगाव, पिरनवाडी, कुठल्याही गल्लीत आयटीआय झालेला एखादा फिटर, टर्नर नाहीतर वेल्डर भेटणारच. जरा थांबून बोललात, तर प्रेसवर बोट गेलेले एखादे काकाही भेटतील.

आजची गोष्ट अशाच एका प्रेसची आणि दोन बोटांची आहे. ती घडली मात्र इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. पत्रा, लोखंड, मोटारींचे सुटे भाग, भोंग्यावर चालणारं शहर. माणसाचं नाव टोनी आयोमी. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक, आणि आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या संगीताचा जवळजवळ पाया घालणारा. साठीच्या उंबरठ्यावर यानंच एक 'नवा' बँड काढला, तिथवर आपल्याला जायचंय.

'जवळजवळ' हा शब्द भांडणं टाळण्यासाठी घातलाय. माझ्यापुरता तो काढून टाकला तरी चालेल.

(दृश्य : जुन्या बर्मिंगहॅमची छायाचित्रं. अ‍ॅस्टन भाग, विटांची चाळवजा घरं.)

जन्म १९ फेब्रुवारी १९४८. घराणं मूळचं इटालियन, आईबापांचा हा एकुलता एक. पोराला ड्रम हवे होते. घरात तो धडधडाट कोण सहन करणार, म्हणून हातात अ‍ॅकॉर्डियन आला. गिटार त्यानंतरची. टोनी डावखुरा, म्हणजे तार छेडायचा डाव्या हातानं आणि पट्टीवर दाबायचा उजव्या हाताच्या बोटांनी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शाळा सुटल्यावर पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम धरलं. रात्री बँड, दिवसा कारखाना. वय १७. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं आणि नोकरी सोडायचा दिवस आला. त्या शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईनं पाठवलं. धरलेलं काम पुरं करूनच सोडायचं, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी पत्रा वाकवायच्या प्रेसवरचा माणूस आला नव्हता. वेल्डर पोराला तिथं उभं केलं. पायानं पेडल दाबायचं, वरचा भाग खाली येणार. ते पेडलही डगमगतं होतं. प्रेस खाली आला तेव्हा उजवा हात आत होता. दचकून त्यानं हात मागं ओढला, आणि मधल्या व अनामिकेची टोकं तिथंच राहिली.

(दृश्य : उद्यमबागेतल्या शेडबाहेर, चहाच्या टपरीवर.)

हा प्रसंग आम्ही तीस-एक वर्षं प्रेसवर काढलेल्या एका काकांना सांगितला. गिटारबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पहिला प्रश्न आला, "पेडलला कव्हर न्हवतं काय गा?" दुसरा, "नवख्या पोराला प्रेसवर बसवलं कुणी?" आणि मग चहाचा ग्लास खाली ठेवत, "रजेवर गेलेल्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचं न्हाई. आधी डाय सेट करायला शिकवायचं, मग पेडलवर पाय." साठ वर्षांपूर्वीच्या, हजारो मैलांवरच्या अपघाताचा पंचनामा दोन मिनिटांत झाला. कामगार संघटनेची आख्खी सभा घेतली तरी यापेक्षा जास्त काही निघालं नसतं.

डॉक्टरांनी टोनीला सांगितलं, गिटार विसर.

मग कारखान्याचा मॅनेजर घरी आला, एक रेकॉर्ड घेऊन. जँगो राइनहार्ट नावाच्या वादकाची. टोनीला कुणाचीही गिटार ऐकायची नव्हती, साहजिकच होतं. मॅनेजरनं आग्रह करून ऐकवली आणि नंतर सांगितलं : १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून या माणसाचा डावा हात भाजला, दोन बोटं कामातून गेली. तू आत्ता ऐकलंस ते उरलेल्या दोन बोटांचं वाजवणं.

(दृश्य : टेबलावर प्लॅस्टिकची बाटली, सोल्डरिंगची कांडी, सँडपेपर, चामड्याचा तुकडा. हात काम करताना, अगदी जवळून.)

इथून पुढचं उद्यमबागेतल्या कुठल्याही माणसाला न समजावता कळेल. टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली घेतली. वितळवून तिचा गोळा केला. थोडा निवल्यावर तापलेली सोल्डरिंगची कांडी खुपसून बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग तासन् तास सँडपेपर. जाड राहिली तर दोन तारा एकदम दाबल्या जातात, पातळ झाली तर खालचं दुखरं टोक कळवळतं. बोटाच्या मापाची टोपी झाली, पण तारेवरून घसरायला लागली. मग जुन्या जॅकेटचं चामडं कापून वर चिकटवलं आणि घासून घासून गुळगुळीत केलं. जास्त गुळगुळीत झालं की पुन्हा घसरायचं.

टोपी घातली की तार बोटाला लागत नाही. किती जोरानं दाबलं ते कानानंच ओळखायचं. जाड तारा तर दुखऱ्या बोटांना झेपेनात. बारीक तारांचा संच तेव्हा मिळत नव्हता, म्हणून त्यानं वरच्या दोन जागी बँजोच्या तारा लावल्या आणि बाकीच्या एकेक घर खाली सरकवल्या. तो सांगतो, तारा करणाऱ्या कंपन्यांकडं गेलो तर म्हणाले, असल्या तारा घेणार कोण? आज बारीक तारांशिवाय दुकान चालत नाही.

(दृश्य : सुळेभावी गावाची पाटी.)

बेळगावजवळच्या सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकळी हा मुलगा जन्मला. जग त्याला कुमार गंधर्व म्हणतं. क्षयानं एक फुप्फुस निकामी केलं, १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला जावं लागलं, काही वर्षं गाणं बंद. परत गायला लागले तेव्हा लांब दमाच्या ताना नव्हत्या. छोटे, टोकदार तुकडे होते, मध्ये श्वासाची जागा सोडणारे. त्यावर किती वाद झाले ते आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना विचारा. आयोमी आणि कुमारजींचं संगीत एका ताटात वाढायचं नाही, तेवढं कळतं मला. पण बेळगावकराला आयोमी समजावून सांगायचा तर सुरुवात सुळेभावीपासून करावी, असं माझं मत आहे.

(दृश्य : ब्लॅक सॅबथची सुरुवातीची छायाचित्रं.)

१९६८ मध्ये चौघे जमले. गायक ऑझी ऑसबॉर्न यानं कत्तलखान्यात आणि मोटारींचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात काम केलेलं. बेस वाजवणारा गीझर बटलर एका कारखान्याच्या हिशेबखात्यात. ड्रमवर बिल वॉर्ड. मधेच टोनी थोडे दिवस जेथ्रो टल या बँडात जाऊन आला आणि तिथून एक शिस्त घेऊन आला : सकाळी लवकर तालीम, ऑफिसला गेल्यासारखी.

पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलेलं. त्याच दिवशी टोनीच्या फेंडर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, बिघडला, म्हणून गिब्सन कंपनीची एसजी गिटार हातात घेतली आणि तीच त्याची ओळख झाली. नशीब काय, बिघाडच कामाला आला.

(दृश्य : हार्मोनियम. वादकाचा हात.)

त्या अल्बमचं पहिलंच गाणं कशावर उभं आहे? पेटीवर वाजवून दाखवतो. सा. वरचा सा. मग तीव्र मध्यम, आणि तिथंच थांबायचं. यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडं जातो म्हणून गोड लागतो. इथं त्याला पंचम भेटतच नाही. ऐकणारा अधांतरी लटकतो.

इंटरनेटवर सर्रास सांगतात की बोटं तुटली म्हणून टोनीनं गिटार उतरवून लावली आणि मेटल जन्मलं. इतकं सरळ नाही ते. पहिले दोन्ही अल्बम १९७० चे, नेहमीच्याच सुरात आहेत. तारा ढिल्या करून खाली उतरणं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून ऐकू येतं. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पेटीच्या पांढरी तीनमध्ये असते, ती त्यानं काळी एकवर आणली. ढिली तार दाबायला सोपी, हे एक. आणि आवाज छातीत उतरतो, हे दुसरं. आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना ऐकवलं तर ते एवढंच म्हणाले, "काळी एक? आमच्या बुवांचीच पट्टी की!"

(दृश्य : अल्बमच्या मुखपृष्ठांची झरझर सरकणारी मालिका.)

१९७९ मध्ये ऑझी बाहेर. अमेरिकेहून रॉनी जेम्स डिओ आला, १९८० ला 'हेवन अँड हेल' अल्बम, पुढच्या वर्षी आणखी एक, मग डिओही गेला. त्यानंतर इतके गायक आणि ड्रमर आले-गेले की यादी वाचत बसलो तर हा व्हिडिओ संपायचा नाही. सगळ्या काळात एकच माणूस जागेवर होता, टोनी.

आता येऊ नव्या बँडकडं.

(दृश्य : २००७ च्या मैफलीतले क्षण.)

२००६. डिओच्या काळातल्या गाण्यांचा एक संग्रह निघणार होता. सोबत काहीतरी न ऐकलेलं द्यावं, असं ठरलं. जुन्या कपाटात काही शिल्लक नव्हतं, म्हणून टोनी आणि डिओ पुन्हा एकत्र बसले आणि तीन नवी गाणी झाली. ती करताना दोघांना जाणवलं की अजून जमतंय. बेसवर बटलर, ड्रमवर विनी अपिस. मार्च २००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरपासून दौरा सुरू झाला तेव्हा टोनी ५९, बटलर ५७, डिओ ६४ आणि सगळ्यात लहान अपिस ४९. 'नवा' बँड तो हा.

माणसं तीच असताना पाटी का बदलली? कारण ब्लॅक सॅबथ लिहिलं की समोरची गर्दी ऑझीच्या काळातली गाणी मागणार. ती वाजवायची नव्हती. फक्त डिओबरोबर केलेलं वाजवायचं, म्हणून बँडचं नाव ठेवलं त्या १९८० च्या अल्बमचं : हेवन अँड हेल. ब्लॅक सॅबथ या नावाच्या मालकीवरून ऑझी आणि टोनी यांच्यात पुढं कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये मिटली. पाटीवर कुठलं नाव असावं यावर माणसं किती पेटतात, हे बेळगावकराला समजावून सांगायची गरज नाही.

मला या निर्णयाचं कौतुक आहे. जुन्या नावावर तिकिटं आपोआप खपली असती. पन्नाशी-साठीतल्या माणसांनी ते नाव बाजूला ठेवून स्वतःच्याच गाण्यांतली निम्म्याहून जास्त, तीही सगळ्यात लोकप्रिय, बाद केली. आणि नुसत्या आठवणी वाजवत बसले नाहीत. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत जाऊन आख्खा नवा अल्बम केला, 'द डेव्हिल यू नो'. एप्रिल २००९ ला आला आणि अमेरिकेतल्या खपाच्या यादीत थेट आठव्या क्रमांकावर. चाल संथ, वजनदार. तरुणपणी टोनी एका गाण्यात चार-पाच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, भरायचा. इथं एकच रिफ धरतो आणि सोडत नाही.

(दृश्य : डिओचा हात, तर्जनी आणि करंगळी वर.)

हे चिन्ह तुम्ही ओळखता. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं नाचणारी आपली पोरंही हेच करतात. मेटलच्या जगात ते रुजवलं डिओनं, आणि त्यानं उचललं इटालियन आजीकडून. ती नजर लागू नये म्हणून बोटं अशी करायची. मीठ-मोहरीनं दृष्ट काढणाऱ्या आपल्या आज्ज्यांना हे पटकन कळलं असतं.

आजीचा उपाय पुरला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये डिओला पोटाच्या कर्करोगाचं निदान झालं, १६ मे २०१० ला तो गेला. जुलैमध्ये लंडनला त्याच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम झाला आणि बँड तिथं थांबला. दुसरा गायक घेऊन चालवता आला असता. एरवी टोनीनं ते अनेकदा केलं होतं. इथं केलं नाही.

पुढचं थोडक्यात. २०१२ च्या सुरुवातीला टोनीलाच लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग निघाला. उपचारांच्या तारखा सांभाळून दौरे आखले. २०१३ चा सॅबथचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, १९७० नंतर प्रथमच. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये निरोपाचा दौरा संपला. तरीही ५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे पुन्हा उभे राहिले. ऑझी मात्र बसून गायला. त्यानंतर १७ दिवसांनी तो गेला.

(दृश्य : काळा पडदा, पांढरी अक्षरं : १९७१, १९८०, २००९.)

कुणी विचारतं, आयोमी ऐकायचा तर सुरुवात कुठून? सगळे १९७० कडं बोट दाखवतात. मी उलटीकडून पाठवतो. आधी २००९ चा ऐका, साठी ओलांडलेल्या माणसाचा. मग १९८० चा. मग १९७१ चा, काळी एकमधला. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खालचे सूर पोचतच नाहीत. हेडफोन नसेल तर मंडळातल्या साउंडवाल्याला गाठा आणि दुपारी, मिरवणूक नसताना, लावायला सांगा.