आधी आवाज, मग चित्र

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाच्याच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय. वहीतून फाडलेला, कडेची भोकं तशीच. त्यावर लाल स्केचपेनने लिहिलंय, जून २०२७. त्याखाली निळ्याने, जून २०२८. पोरगं आठवीत आहे. एवढ्या लांबच्या तारखा आपल्या घरांत एरवी विम्याच्या कागदांवरच असतात.

लाल तारीख स्पायडर-मॅनची. 'स्पायडर-व्हर्स' मालिकेतला तिसरा ॲनिमेशनपट, 'बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स', २०२७ च्या जूनमध्ये येणार असं जाहीर झालंय. मुळात तो मार्च २०२४ मध्येच यायचा होता, पण लांबत लांबत इथवर आला. निळी तारीख रॉबिनची. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन एकच नाही, हे मुलांना आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. डिक ग्रेसन पहिला, जेसन टॉड दुसरा. या दोन पोरांवरचा 'डायनॅमिक ड्युओ' हा चित्रपट २०२८ च्या जूनअखेरीस येणार आहे.

कॉमिक्सला मात्र एवढी वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेत नवी कॉमिक्स दुकानात लागतात बुधवारी. दर बुधवारी. अंक यायच्या बराच आधी दुकानदार मागणी नोंदवतो, आणि उरलेला माल बहुतेक वेळा परत जात नाही. त्यामुळे पुढे काय येणार याची यादी आधीच जाहीर होते आणि पोरं ती तोंडपाठ करून बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये 'बॅटमॅन'चा मासिक अंक पुन्हा क्रमांक एकपासून सुरू झाला. लेखक मॅट फ्रॅक्शन, चित्रं होर्हे हिमेनेझ यांची. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ पासून 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' चाललंय. त्यातला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, गर्भश्रीमंत नाही. ना वाडा, ना नोकरचाकर. कष्टकरी घरातला, आई जिवंत असलेला ब्रूस. मला ही कल्पना फार आवडली. पैसा काढून घेतल्यावरही माणसात बॅटमॅन उरतो का, हे तपासून बघायलाच हवं होतं.

जाता जाता एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत बालविभागाच्या कपाटाला कुलूप असतं आणि कॉमिक्सचं तर नावच नसतं. हे बदलायला हवं. चित्रांतून वाचणारं पोर हे वाचणारंच पोर असतं. असो.

आज मला बोलायचंय आवाजाबद्दल. रेडिओवरचा माणूस दुसऱ्या कशाबद्दल बोलणार?

कॉमिक्सला आवाज नसतो. फुग्यात शब्द असतात, आवाज वाचणाऱ्याच्या डोक्यात. माझ्या वयाच्या श्रोत्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. त्यातले नायक वेताळ म्हणजे फँटम, जादूगार मॅन्ड्रेक, बहादूर. दुपारी ओसरीवर पालथं पडून आम्ही ते वाचायचो. माझा वेताळ आमच्या तालमीतल्या वस्तादांच्या आवाजात बोलायचा आणि माझ्या धाकट्या भावाचा वेताळ आमच्या आजोबांच्या. एकच अंक, एकच चित्र आणि वेताळ दोन. यावरून आमची भांडणं व्हायची.

मग कार्टून येतं आणि त्या मुक्या चित्राला एकच आवाज मिळतो. एकदा मिळाला की तो कानातून जात नाही. इथे एक गंमत लक्षात ठेवा, ती मी पुन्हा सांगणार आहे. ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो. आधी आवाज, मग चित्र. नट बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावरून चित्रकार ओठ हलवतात, भुवई उचलतात. म्हणजे ज्याचा चेहरा पडद्यावर कधीच दिसत नाही, त्याच्याच श्वासावर अख्खं चित्र उभं राहतं.

आता मी तुम्हाला केव्हिन कॉनरॉय यांची गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल याला गणती नाही.

कॉनरॉय हे अमेरिकन रंगभूमीचे नट. सतराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामवंत संस्थेत शिकायला गेले. खोलीत सोबतीला होता रॉबिन विल्यम्स, पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला नट. त्याच संस्थेत त्या दिवसांत शिकत होता क्रिस्टोफर रीव्ह, पुढचा पडद्यावरचा सुपरमॅन. कॉनरॉय यांनी शेक्सपिअर केला, टीव्हीवर कामं केली, पण नाव असं झालं नाही. १९९१ मध्ये त्यांना बॅटमॅनवरच्या एका कार्टून मालिकेच्या आवाज-चाचणीला बोलावलं. त्यांनी कार्टूनसाठी कधी आवाज दिला नव्हता आणि बॅटमॅनची कॉमिक्स वाचलेली नव्हती. त्यांना माहीत होता तो साठच्या दशकातल्या टीव्हीवरचा हसवणारा बॅटमॅन. मालिका करणारे ब्रूस टिम म्हणाले, तो विसरा. मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. लहान मुलगा, आईवडिलांसोबत अंधाऱ्या गल्लीतून चाललाय, डोळ्यांदेखत दोघांना गोळ्या घातल्या जातात, आणि ते पोर जगापासून तोंड लपवून मोठं होतं.

तोंड लपवून जगणं म्हणजे काय, हे कॉनरॉय यांना सांगायची गरज नव्हती. ते समलिंगी होते आणि त्या काळी नटाला हे उघड करणं म्हणजे कामं घालवणं. घरातही दुःख होतं, वडिलांचं दारूचं व्यसन, भावाचा मानसिक आजार. वर्षानुवर्षं चेहऱ्यावर एक आणि आत दुसरं. ती गोष्ट ऐकताना आतलं सगळं वर आलं, आणि माइकसमोर घशातून एक आवाज निघाला. खोल, घोगरा, दुखावलेला. निवड करणाऱ्या अँड्रिया रोमानो यांनी तोवर शेकड्यांनी नट ऐकले होते. शोध तिथेच थांबला.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये ती मालिका सुरू झाली. काळ्या कागदावर रंग चढवून पार्श्वभूमी काढलेली, त्यामुळे प्रत्येक चौकटीत रात्र आधीपासूनच असायची. कॉनरॉय यांनी त्यात दोन आवाज ठेवले. ब्रूस वेनचा मोकळा, हलका. बॅटमॅनचा खाली उतरलेला. आणि त्यांच्या लेखी बॅटमॅनचा आवाज हाच खरा, ब्रूस वेन हे सोंग. रोमानोबाई सगळ्या नटांना एकत्र उभं करून ध्वनिमुद्रण करायच्या, आमच्या श्रुतिकेसारखं. हातात संहिता, पान उलटताना सळसळ होऊ द्यायची नाही, समोरचा बोलला की त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं. आजकाल एकेकट्याला बोलावून तुकडे जोडतात. संवाद म्हणजे दोघांचा श्वास, तो जोडून येत नाही.

तर, ११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले. कॉनरॉय त्याच शहरात होते. शहरातली माणसं मदतीला धावली, तसे हेही गेले. ढिगाऱ्यावर राबणाऱ्या अग्निशामक दलाच्या जवानांसाठी, पोलिसांसाठी, लोखंड कापणाऱ्या कामगारांसाठी जेवण रांधायचं काम त्यांनी पत्करलं. नट म्हणून गेले नव्हते. स्वयंपाकी म्हणून गेले होते.

सोबत रांधणाऱ्या माणसाने सहज विचारलं, तू एरवी काय करतोस? म्हणाले, नट आहे. कशात पाहिलंय तुला? पाहिलं नसशील, मी आवाज देतो. कसला आवाज? कॉनरॉय म्हणाले, बॅटमॅनचा.

त्या माणसाला राहवेना. त्याची मुलं त्या कार्टूनवर वाढलेली. तो बाहेर जेवायला बसलेल्यांना ओरडून सांगायला लागला की अरे, तुमचं जेवण कोण करतंय ठाऊक आहे का, बॅटमॅन करतोय! कोणाचा विश्वास बसेना. थकलेली, धुळीने माखलेली माणसं, मित्रांना ढिगाऱ्यात शोधून आलेली. त्यांना कसला आलाय बॅटमॅन. कोणीतरी म्हणालं, खरा असेल तर बोलून दाखव.

श्रोतेहो, इथे मला नेहमी क्षणभर थांबावंसं वाटतं. नट म्हणून विचार करा. अशा जागी, अशा वेळी, कार्टूनमधलं वाक्य म्हणायचं? चुकलं तर किती वाईट दिसेल. पण मागितलंय तर द्यायचं. कॉनरॉय यांनी स्वयंपाकघरातूनच आवाज खाली उतरवला आणि पहिल्या वर्षीच्या एका भागातलं ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं. मी सूड आहे. मी रात्र आहे. मी बॅटमॅन आहे.

बाहेर शांतता. चमच्याचाही आवाज नाही.

आणि मग कोणीतरी ओरडलं की अरे, हा तर खरंच तोच आहे! आणि ती खोली हसायला लागली. कितीतरी दिवसांत न हसलेली माणसं खदाखदा हसायला लागली. कॉनरॉय यांनी हे एका माहितीपटात स्वतः सांगितलंय, आणि सांगताना त्यांचा गळा भरून येतो. पडद्यावरचा बॅटमॅन त्यांना दिसला नव्हता. मुखवटा नव्हता, झूल नव्हती, भिंतीपलीकडे नुसता आवाज. पण तेवढ्याने ओळख पटली, कारण त्या जवानांच्या घरी तो आवाज वर्षानुवर्षं शाळेतून आलेल्या मुलांच्या शेजारी बसलेला होता. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला याहून मोठा मान मला तरी माहीत नाही.

आणि गोष्ट इथे संपत नाही. ज्या माणसाने बॅटमॅनची कॉमिक्स वाचली नव्हती, त्याने २०२२ मध्ये स्वतःच एक कॉमिक लिहिलं. छोटंसं, आपल्या आयुष्याचं. तोंड लपवून जगण्याचं आणि त्यातून निघालेल्या त्या आवाजाचं. चित्रं जे. बोन यांची. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, वयाच्या ६६ व्या वर्षी कॉनरॉय गेले. पुढच्या वर्षी त्या कॉमिकला आयझनर पुरस्कार मिळाला, कॉमिक्सच्या जगातला सगळ्यात मोठा. बघा, कागदावरून आवाजाकडे आणि आवाजाकडून परत कागदाकडे. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या एका ॲनिमेशनपटात त्यांचा आवाज शेवटचा ऐकू आला, माणूस जाऊन दीड वर्ष उलटल्यावर.

बॅटमॅनचा शत्रू जोकर, त्याची साथीदार हार्ली क्विन, तिचंही असंच. ती कॉमिक्समधून कार्टूनमध्ये आलेली नाही. १९९२ मध्ये त्याच मालिकेत जन्मली आणि वर्षभराने कॉमिक्समध्ये गेली. तिचा जीव होता अर्लीन सॉर्किन यांचा आवाज.

आता आपल्याकडे येऊ. स्पायडर-व्हर्सचा दुसरा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला, आणि त्यात मराठी होती. हे पुन्हा सांगतो, त्यात मराठी होती. त्यात एक नगर आहे मुंबॅटन, आपली मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र मळून केलेलं. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. तो २००४ मधला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी कॉमिकमध्ये घडवलेला. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला पोरगा, अंगात स्पायडरचा पोशाख आणि कमरेला धोतर. घरी भीमकाका आणि मायाकाकू. चित्रपटात तो नायकाला, म्हणजे दुसऱ्या स्पायडर-मॅनला, माइल्सला झापतो, कारण माइल्स 'चाय टी' म्हणतो, म्हणजे 'चहा चहा'. बरोबर झापतो. आणि विषय निघालाच आहे तर, चहात आलं ठेचून घालावं, किसून नाही.

पण मूळ मुद्दा. मूळ चित्रपटात आधी आवाज, मग चित्र. मराठीत उलटं. चित्र आधीच तयार, ओठ इंग्रजीत हललेले, आणि मराठी नटाने त्या हललेल्या ओठांत आपलं वाक्य बसवायचं. 'आय नो' म्हणताना जेवढं तोंड उघडतं तेवढ्यात 'माहितेय मला' मावलं पाहिजे. क्रियापद आपल्याकडे शेवटी येतं, आणि पडद्यावरचा माणूस हात आधीच उगारून मोकळा झालेला असतो. हे काम मूळ नटापेक्षा अवघड आहे. ते करणाऱ्यांना पुरेसा वेळ द्या, चांगला लेखक द्या, मुंबॅटनचा पोरगा मुंबईतल्या पोरासारखा बोलू द्या. पुस्तकी मराठीत नको आणि हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावूनही नको.

भाच्याने मला विचारलं, मामा, २०२७ ला मराठीतला लागेल का आपल्या गावात? मी त्याला म्हटलं, लागला तर पहिल्या दिवशी दोघं जाऊ. तुम्हीही जा. आणि एक करा. शेवटी नावं सुरू झाली की उठू नका. बॅगा, पाण्याच्या बाटल्या नंतर आवरा. ती लांबलचक यादी इंग्रजीत सरकत राहील, कलाकार, तंत्रज्ञ, संगीत. अगदी तळाला, बहुतेक सगळे दिवे लागल्यावर, मराठी आवाजांची नावं आली तर ती मोठ्याने वाचा. आली नाहीत, तर बाहेर पडताना चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना विचारा, आमचा स्पायडर-मॅन कोणाच्या आवाजात बोलला?

नमस्कार.