उभ्या गाडीचं डिझेल

[पहाट. कळंबोली. रस्त्यालगत थांबलेली कॅम्पर व्हॅन.]

ट्रकचा डिझेल फिल्टर धावून चोंदतो, कॅम्परचा उभं राहून. मुंबईत पावसाळाभर ही गाडी सोसायटीच्या आवारात, टाकी अर्धी. वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा. पत्रा गार झाला की आतून घाम धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पाणी नि डिझेल जिथे टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत साका तयार होतो.

सायन-पनवेल रस्त्यावर काही कळत नाही. बोरघाटाच्या चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, फिल्टर तेवढं सोडत नाही. गाडी ओढत नाही, झटके देते. एक्सप्रेसवेवर वाटेत थांबायला मनाई. म्हणून शंका आली की काम चढाच्या अलीकडेच उरकावं.

[काचेची बरणी, जवळून.]

इंजिन गार. आतल्या शेगडीचा सिलिंडर बंद. फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून पाव लिटर डिझेल बरणीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. खाली नुसतं पाणी दिसलं, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. बहुधा तेवढ्यावर भागतं. काळे कण दिसले, तर फिल्टर बदलायचाच.

पाऊस असेल तर आधी वर ताडपत्री. फिल्टरभोवतीची धूळ पुसा, वॉटर सेन्सरचा प्लग काढा, मग पट्ट्याच्या पान्याने फिल्टर फिरवा. जुनी रबरी रिंग वर चिकटून तर नाही ना, हे बोटाने चाचपा. तिच्यावरच नवी बसली, तर तिथून डिझेल झिरपतं किंवा हवा शिरते, आणि दोष मात्र नव्या फिल्टरला लागतो. नव्या रिंगला डिझेलचं बोट लावा. रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल, तर तेच खरं. पाना लावून आवळू नका.

कॅनमधून नवा फिल्टर भरायची सवय जुन्या इंजिनांची. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, ती महागात पडते: मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात जातं. फिल्टर रिकामाच बसवा.

[हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप, दाबणारा अंगठा.]

खरा वेळ जातो तो रिकाम्या फिल्टरमधली एअर काढण्यात. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, थोडा सैल करून प्रायमर दाबत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार. स्क्रू आवळा, प्रायमर कडक लागेपर्यंत पुन्हा दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर चावी नुसती ऑन करून अर्धा मिनिट थांबा; असं तीन-चारदा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर उसंत. इंजेक्टरचे पाइप मात्र कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो, बारीक धारही कातडीत घुसते.

फिल्टर दोन न्यावेत, कारण साका अजून टाकीतच आहे. दुसराही शे-दोनशे किलोमीटरांत चोंदला, तर तिसरा घेण्यात अर्थ नाही. टाकी उतरवून धुवायची. काढलेलं डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा नि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या, गटारात नको.

आणि घरी परतताना, गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर शेवटच्या पंपावर टाकी भरून घ्या. नोझल आपोआप बंद होईल तेवढीच.