वारा नसताना येणारी लाट

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिलमधली सकाळ आठवा. गुहागरच्या पुळणीवर तुम्ही उभे आहात. सुरूच्या बनात पान हलत नाही, पहाटेचा मतलई वाराही पडलेला. समुद्र आरशासारखा असायला हवा. पण किनाऱ्याशी पाहावं तर कमरेएवढी लाट सावकाश उठते, वळते आणि धपकन फुटते. वारा नाही, मग ही आली कुठून?

लाट वाऱ्यानंच उठते, हे खरं. फक्त तो वारा इथलाच असला पाहिजे असं नाही. आफ्रिकेच्या टोकाच्या खाली, 40 ते 50 दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात, बारा महिने वादळं घोंघावत असतात. तिथं वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वारा जितका जोरात, जितका वेळ आणि जितक्या लांबवर पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी. गावच्या तळ्यात कितीही तुफान आलं तरी दर्याएवढी लाट उठत नाही, ती यामुळेच.

वादळातून सुटल्या की लाटांची शर्यत लागते. लांबलचक लाटा वेगानं पुढं जातात, आखूड मागं राहतात. दोन माथ्यांमध्ये 14 सेकंदांचं अंतर असलेली लाट खोल समुद्रात साधारण 300 मीटर लांब असते आणि ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावते. गंमत अशी, की लाटांचा अख्खा जथा मात्र याच्या निम्म्याच वेगानं सरकतो. पुढची लाट विरते, मागून नवी उठते. हिशेब केला तर त्या वादळाची खबर कोकणात पोचायला आठवडा लागतो.

खबरच म्हणायची, कारण पाणी काही तिकडून येत नाही. लाटेवर नारळ टाकून बघा. माथा आला की तो वर चढून थोडा पुढं जातो, लाट सरली की खाली उतरून मागं येतो. पाणी जागच्या जागी गोल फिरतं. खाली जावं तसं हे वर्तुळ लहान होत जातं आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर जवळजवळ संपतं.

ही एवढी लांबची वाट 1963 मध्ये वॉल्टर मंक यांनी मोजून दाखवली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतले हे शास्त्रज्ञ. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, पार पॅसिफिकभर, त्यांनी लाटा मोजणारी ठाणी बसवली आणि दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा माग काढला. दहा हजार किलोमीटरपेक्षा जास्त वाट कापून त्या अलास्काला पोचत होत्या. वादळाचा पट्टा ओलांडल्यावर वाटेत त्यांचा जोर फारसा उतरत नाही, हे तेव्हा दिसलं. मला तरी हे अजून अद्भुत वाटतं.

मग किनारा जवळ येतो. तळ वर येऊ लागला की लाटेचा वेग मंदावतो. मागची लाट पुढचीला गाठू पाहते, लांबी आखडते, उंची वाढते. उंची खोलीच्या पाऊण हिश्शाच्या आसपास गेली की माथा पुढं कोसळतो. तिरकी आलेली लाटही किनाऱ्याशी वळते, कारण तिचं उथळातलं टोक आधी मंदावतं. म्हणून कुठल्याही पुळणीवर लाट बहुधा समोरूनच येते. जमिनीचं नाक समुद्रात घुसलेलं असेल तिथं लाटा चहूबाजूंनी त्याच्यावर वळतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा कातळ पाहा, जाळीसारखा झिजलाय. तिथं ओल्या खडकावर उतरून फोटो काढणाऱ्यांना एवढंच सांगेन, की आत्ताच्या दहा लाटा लहान होत्या म्हणून अकरावी लहान असेलच असं नाही.

केरळात अशा न सांगता चढून येणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आता समुद्राच्या हालचालींवर लक्ष ठेवणारी हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचा इशारा आधीच देते.

तुम्हीही एक करून पाहा. पुळणीवर बसा, एक लाट फुटली की घड्याळ बघा, पुढची फुटेपर्यंत सेकंद मोजा. दहा-बारा वेळा मोजून सरासरी काढा. चार-पाच सेकंद आले तर वारा जवळचाच. चौदा-पंधरा आले, तर ज्या वादळाची ती लाट आहे ते बहुतेक आठवड्यापूर्वीच शमलंय.