पायरी गेली हे पायाला कोण सांगणार

(दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर नावाच्या भागातला जुना वाडा, सकाळ. चौकात नवीन टाईल्स. कॅमेरा खाली, पायांच्या लेव्हलला.)

हे आमचे आबा. म्हणजे त्यांचे पाय. चेहरा नको दाखवू म्हणाले, दाढी केलेली नाही.

आता नीट बघा हं. चौकातून स्वयंपाकघराकडे चाललेत, हातात चहाचा रिकामा कप, आणि इथे, दाराच्या जरा अलीकडे, उजवा पाय उचलला, चांगला वीतभर, आणि धप्प. खाली काही नव्हतंच. म्हणजे जमीन होती, पायरी नव्हती. पायरी होती दिवाळीपर्यंत. मग पावसाचं पाणी तुंबतं म्हणून सगळा चौकच भरून घेतला, वर टाईल्स बसवल्या आणि पायरी त्या भरावात गेली. टाईल्सचा रंग आबांनीच पसंत केला, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून काम पण त्यांनीच करून घेतलं. पायरी गेली हे या घरात सगळ्यात पक्कं कुणाला माहिती असेल तर त्यांनाच.

मी विचारलं, आबा, तुम्हाला अजून पायरी आहे असं वाटतं का हो? तर चिडले. म्हणाले, "पायरी गेली हे मला माहितीये गं. पायाला कोण सांगणार?"

मी हा व्हिडिओ खरं तर वाड्यांवर करणार होते. हे ऐकल्यावर ते राहूनच गेलं.

कारण बघा ना, इथे एक चुकीची समजूत आहे असं आपल्याला सरळ दिसतंय, पाय आपटतोय तो कॅमेऱ्यात आलाय, पण ती समजूत आहे कुणाची? आबांची म्हणावी तर ते नाही म्हणतात, आणि खोटं बोलायचं त्यांना काही कारण नाही. मग पायाची? पायाला कसली आलीय समजूत.

(दृश्य: बाडा, म्हणजे ग्वाल्हेरचा बाजार-चौक, दुपारची गर्दी, टेम्पो, ई-रिक्षा.)

आपण मराठी लोक "वाटणं" किती ठिकाणी वापरतो. भीती वाटते, बरं वाटतं, लाज वाटते, आणि उद्या पाऊस पडेल असं वाटतं. या शेवटच्यात एक वेगळी गोष्ट आहे, त्यात "असं" किंवा "की" लागतं आणि त्याच्यासोबत एक अख्खं वाक्य येतं जे खरं किंवा खोटं निघू शकतं. त्या वाक्यात जे सांगितलंय त्याला तत्त्वज्ञानवाले विधान म्हणतात. मी मराठीत म्हणते पाऊस पडेल, हा टेम्पोवाला म्हणतो बारिश होगी, विधान एकच. आणि युरोप-अमेरिकेतल्या तत्त्वज्ञांमधला एक मोठा गट गेली शंभरेक वर्षं असं मानत आलाय की कुठलीही समजूत घ्या, ती म्हणजे माणूस आणि एखादं विधान यांच्यातलं नातं. विधान खोटं निघालं की समजूत खोटी. हिशोब स्वच्छ आहे, नाही म्हणणार नाही.

आता "वाटतं"चं "वाटलं" करा. "मला वाटलं आज रविवार आहे." ऐकणाऱ्याला लगेच कळतं की रविवार नाहीये. काही सांगावं लागत नाही, नुसता काळ बदलला आणि समजूत खोटी पडली. आणि आतलं वाक्य मात्र तसंच, "रविवार आहे", वर्तमानकाळात, चूक तेव्हा आतून जशी दिसत होती तशीच ठेवलेली. विटगेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय की "चुकीचं मानणं" असं एखादं क्रियापद असतंच, तर "मी" घेऊन त्याचं वर्तमानकाळाचं रूप करता आलं नसतं. बरोबरच आहे, मी आत्ता चुकतेय हे मला आत्ता माहिती असेल तर मी चुकत नाहीये ना. आमचं "मला वाटलं" हे जवळपास तसलंच क्रियापद आहे, बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं.

पण आबा तर वर्तमानकाळातच बोलतायत. पाय चुकतोय, रोज, आणि मला माहितीये.

(दृश्य: किल्ल्याची चढण. चतुर्भुज मंदिर, आतला शिलालेख, क्लोजअप.)

असं नाही की सगळ्याच समजुती पायासारख्या असतात. ही माझी एक, शाळेपासूनची. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना हे छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं. आतल्या शिलालेखावर विक्रम संवत 933 आहे, म्हणजे इसवी सन 876. देवासाठी फुलबाग दिली, 270 हात लांब आणि 187 हात रुंद, आणि रोज पन्नास हार द्यायचे, असला सगळा व्यवहारी मजकूर. त्या 270 मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, गोल, फक्त लहान. कॅमेरा जवळ नेलाय, दिसेल. तर मी लहानपणापासून पाहुण्यांना सांगत आले, जगातलं सगळ्यात जुनं शून्य आमच्या गावात आहे. अगदी मान वर करून.

मग एक दिवस वाचलं की कंबोडियात एक शिलालेख आहे, शके 605 चा, म्हणजे 683 चा, त्यातल्या 605 मधे शून्याच्या जागी ठिपका आहे. 876 वजा 683. एकशे त्र्याण्णव वर्षांनी आमचं गाव मागे. आणि झालं, समजूत तिथेच संपली, वाचता वाचता, एका ओळीत. वाईट वाटलं तो भाग वेगळा. पण ही समजूत वाक्यात होती म्हणून वाक्यानेच गेली. विधानवाल्यांचा हिशोब इथे एकदम चोख बसतो.

आबांना मी दिवसातून चार वेळा सांगते पायरी नाहीये. ते म्हणतात हो. आणि धप्प.

(दृश्य: ग्वाल्हेरचा हजिरा भाग. सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या. बाजूला तानसेनची साधी समाधी. चिंचेचं झाड.)

इथे माझ्या आत्याला घेऊन आले. गाणं शिकवते, पन्नास वर्षं होतील. ग्वाल्हेरची असून व्हिडिओत गाणं नाही असं कसं चालेल, आणि माझी अडचणही होती, मला पाय आणि शून्य यांच्या मधलं काहीतरी हवं होतं.

तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे आणि तिचा पाला चावून खाल्ला की आवाज गोड होतो, असं म्हणतात, गाणारे लांबून येऊन खाऊन जातात. गंमत म्हणजे लोकांनी ज्याचा पाला पिढ्यानपिढ्या खाल्ला ते जुनं झाड आता नाहीच, हे नंतरचं आहे. तरी पाला खाणं काही थांबलेलं नाही. त्यामुळे ज्याला कुणाला पाल्याबद्दल खात्री आहे त्याला नेमकी कुठल्या झाडाबद्दल खात्री आहे, हे पण जरा विचारून बघायला पाहिजे.

आत्या झाडाखाली आली. फांदी जरा उंच होती, माझ्याकडून वाकवून घेतली. दोन पानं तोडली, म्हणजे त्या काडीला लागलेली बारीक बारीक पात्यांची जोडी-जोडी असते ती, बोटांच्या चिमटीत धरून उलटी ओढली की सगळी हातात येतात, ती तळहातावर घेतली, फुंकर मारली धूळ जावी म्हणून, आणि तोंडात टाकली. डोळे बारीक झाले. आंबट.

ही तीच आत्या, जी क्लासमधल्या मुलींना लोणचं खाऊन आलेलं चालवून घेत नाही. आंबट खाल्लं की गळा धरतो म्हणते.

विचारलं, आत्या, तुझा विश्वास आहे? तर म्हणाली, "विश्वास-बिश्वास काही नाही गं. पण इथवर यायचं आणि पान न खाता जायचं म्हणजे…" आणि पुढे बोललीच नाही. मी थांबले, कॅमेरा चालू, वाक्य काही पूर्ण होईना.

आता त्या अर्ध्या वाक्याच्या पुढे "की" लावून दाखवा मला. पाल्याने आवाज गोड होतो, असं म्हणावं तर ती ते खोटंच म्हणेल. आणि जे विधान ती मानतच नाही ते खोटं ठरवून मी काय मिळवणार? उगाच तिच्याशी भांडण.

(दृश्य: घर. गच्चीवर ऊन. पुतण्या, गजकचे दोन डबे.)

हा सव्वातीन वर्षांचा आहे. याच्यावर मी एक प्रयोग केला, माझा नाही, 1983 चा, विमर आणि पेर्नर या दोघा मानसशास्त्रज्ञांचा. त्यांच्याकडे मॅक्सी नावाचा मुलगा आणि चॉकलेट होतं, आमच्याकडे वहिनी आणि मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत मिठाई. वहिनीने गजक निळ्या डब्यात ठेवली आणि खाली गेली. मी ती स्टीलच्या डब्यात टाकली, त्याच्यासमोर. मग विचारलं, आई आली की आधी कुठे बघेल? स्टीलच्यात, म्हणाला, जराही न थांबता. गजक तिथेच तर आहे. तीन वर्षांच्या मुलांचं बहुतेक असंच होतं, चार-साडेचारच्या पुढे कळायला लागतं की आईला वेगळं वाटत असेल. (वहिनी वर आली आणि तिने सरळ निळा डबा उघडला, तेव्हा तो इतका हसला की शूट थांबवावं लागलं.)

पण 2005 मधे अमेरिकेत ओनिशी आणि बायार्जन यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांवर हेच, न बोलता करून बघितलं. प्रश्न नाही, उत्तर नाही, फक्त बाळ किती वेळ बघतंय ते मोजायचं. माणूस त्याच्या चुकीच्या समजुतीला धरून वागला नाही की बाळं जास्त वेळ टक लावून बघायची. नंतर बऱ्याच जणांना असल्या प्रयोगांत तसाच रिझल्ट मिळाला नाही आणि वाद अजून चालू आहे, त्यामुळे मी यावर इमला उभा करणार नाही. पण धड दोन शब्दांचं वाक्य न बोलणाऱ्या बाळाला दुसऱ्याची चूक जाणवत असेल, तर ती कुठल्या भाषेतल्या विधानात जाणवते बुवा?

(दृश्य: परत वाडा. संध्याकाळ. आबा खुर्चीत, आता दाढी केलेली.)

चुकीचं वाटू शकतंच कसं, हा प्रश्न प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस घोळवत बसलाय. एखादी गोष्ट माहिती असेल तर चुकायचं कसं आणि माहितीच नसेल तर तिच्याबद्दल काही वाटायचं कसं. मग तो म्हणतो मन म्हणजे पाखरांचा पिंजरा समजा, सात आणि पाच किती म्हटलं की आत हात घालायचा, आणि बाराच्या ऐवजी हाताला अकरा लागतं. छान आहे, पण पुढे हे पण तो स्वतःच मोडतो.

आमच्याकडे, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानात, याच्यावर जास्त कसून भांडलेत. ख्यातिवाद, म्हणजे भ्रम होतो तेव्हा नेमकं काय होतं याचा वाद. नेहमीचं उदाहरण शिंपल्याचं, लांबून चमकतो, माणसाला चांदी वाटते, उचलायला वाकतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, समोरच्या शिंपल्याचंच दुसऱ्या रूपात ज्ञान झालं, "हे चांदी आहे" असं एक अख्खं चुकीचं ज्ञान. हे विधानवाल्यांच्या जरा जवळचे. मीमांसा दर्शनातले प्रभाकराचे अनुयायी म्हणतात छे, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. समोर "हे" दिसतंय ते खरं, चांदी आठवतेय ती पण खरी, दोघांतला फरक तेवढा लक्षात आला नाही. चूक ज्ञानात नाही, न दिसलेल्या फरकात आहे. यावर नैयायिक विचारतात, नुसतं काहीतरी लक्षात न आल्याने माणूस वाकेल कसा? वाकायला "हे चांदी आहे" असं वाटावंच लागतं.

हे मी आबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं. नैयायिकांचं त्यांना आधी पटलं, कारण पाय उचलला जातो हे तर खरंच आहे, साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्याची काठी खरीच असते. मग जरा वेळाने म्हणाले, पण प्रभाकर बरोबर वाटतो. दार दिसतं, पायरी आठवते, मधे मी नसतो.

मला स्वतःला काय वाटतं? फ्रँक रॅम्झी नावाचा इंग्लंडचा गणिती होता, सव्विसाव्या वर्षी गेला. त्याने 1927 मधे एका कोंबडीबद्दल लिहिलंय. एक जातीची अळी खाऊन तिला त्रास झाला, आता ती त्या अळ्या टाळते. ही अळी विषारी आहे असं कोंबडीला वाटतं, याचा अर्थ एवढाच, टाळणं, म्हटलं तर. वाक्य आपण बाहेरून लावतो. मी या कोंबडीच्या बाजूने आहे, निदान पायापुरती. शून्याचं वाक्य माझ्या डोक्यात खरंच होतं. पायरीचं वाक्य मी लिहिलंय, स्क्रिप्टसाठी, आबांच्या पायात ते कधी नव्हतंच. पाय फक्त साठ-सत्तर वर्षं तिथे उचलला गेलाय. फक्त एक अडतं. त्या उचलण्याला मी "चूक" म्हणते तेव्हा कशाच्या तुलनेत म्हणते? त्यासाठी मला परत "तिथे पायरी आहे" असं वाक्यच करावं लागतं. यातून मी सुटलेली नाही.

(दृश्य: काळी स्क्रीन. फक्त आवाज.)

हे एडिट करेपर्यंत दोन महिने गेले. आबांचा पाय शिकला, सरळ जातात आता, बघितलंत तर ओळखू पण येणार नाही. परवा रात्री जेवताना लाईट गेली. आबा मेणबत्ती आणायला उठले, मी मोबाईलचा टॉर्च शोधत होते, रेकॉर्डिंगचं बटण त्यातच दाबलं गेलं बहुतेक.

(आवाज: चपला, चार-पाच पावलं. धप्प.)

"आहे, आहे. लक्षात आहे माझ्या."